शिधा मागवावा की मंडईत जावं?
(आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक)

गेल्या महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका काकूंनी आमचा शिधा पहिल्यांदाच मागवला. अर्ध्या तासात त्यांचा फोन. "अगं पोरी, एवढीशी कोथिंबीर? आमची भाजीवाली याच्या दुप्पट फुकट टाकते पिशवीत!"

काकूंचं काही चुकलं नव्हतं. त्यांचा शिधा आम्ही परत घेतला, पैसे दिले, आणि त्या रात्री आम्ही दोघी जावा जेवणानंतर बोलत बसलो. शिधा कुणाला परवडतो, कुणाला नाही, हे आपणच लिहून द्यायला हवं असं ठरलं. गिऱ्हाईक फसल्यासारखं वाटून गेलं तर परत येत नाही, आणि जाताना चार शेजारणी घेऊन जातं.

आधी शिधा म्हणजे काय ते. एका वेळच्या भाजीचं, उसळीचं किंवा आमटीचं सगळं सामान, चार माणसांच्या मापानं. भाजी निवडलेली, धुतलेली, बहुतेक वेळा चिरलेली. कडधान्य भिजवलेलं. वाटण वाटलेलं, कूट कुटलेलं, मसाला पुडीत. फोडणी तुम्ही घालायची, गॅससमोर तुम्हीच उभं राहायचं. हा खानावळीचा डबा नव्हे. भाकरी किंवा चपाती यात नसते, आणि भाताचंही तुमचं तुम्ही बघायचं. नावामुळे अजून घोटाळे होतात. सरकारनं २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल असा 'आनंदाचा शिधा' दिला, त्यानंतर एक आजोबा रेशनकार्ड घेऊन आमच्या दारात आले होते. चहा पिऊन गेले.

पैसे नेमके कशाचे?

ही कल्पना आमची नाही. २००७ च्या सुमारास स्वीडनमध्ये अशा मापात भरलेल्या सामानाची खोकी घरोघर जाऊ लागली. २०११ मध्ये बर्लिनला हॅलोफ्रेश ही कंपनी निघाली, २०१२ मध्ये न्यूयॉर्कला ब्लू एप्रन. तिकडच्या खोक्यात भाजी बहुतेक अख्खीच असते, चिरायची गिऱ्हाइकानंच. मग लोक पैसे मोजतात कशाला? मापाला, आणि सोबतच्या पाककृतीच्या कागदाला. तिथल्या सुपरमार्केटात एका काडीसाठी अख्खा गड्डा घ्यावा लागतो आणि उरलेला फ्रीजमध्ये सडतो. खोक्यातून लागतं तेवढंच येतं.

सांगलीत ही अडचण मुळातच नाही. इथे पावशेर गवार मिळते, दहा रुपयांचं आलं-मिरची मिळतं, दोन लिंबं मिळतात, आणि कढीपत्ता मागितला नाही तर भाजीवालीच विचारते. आमटीला किती मीठ घालायचं हे कागदावर वाचायची आपल्याकडे फारशा घरांना गरज पडत नाही. तेव्हा मापासाठी आम्हाला पैसे देऊ नका, ते माप तुम्हाला दारात मिळतंय. शिध्यात तुम्ही विकत घेता ते हात. निवडणारे, सोलणारे, वाटणारे.

गवारच घ्या. पावशेर गवार निवडायची म्हणजे एकेक शेंग हातात घ्यायची, दोन्ही टोकं मोडायची, शीर ओढायची, जून असेल तर बाजूला टाकायची, मग बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. सवयीच्या हातालाही वीस मिनिटं लागतात. आमच्या सासूबाई हे काम टीव्हीसमोर परात घेऊन करतात, त्यांची वीस मिनिटं मालिकेच्या खात्यात जातात. अशा घरानं गवारीचा शिधा मागवू नये, तो निव्वळ खर्च आहे. पण सहाला ऑफिस सुटलं, साडेसहाला घर गाठलं, मुलाची ट्यूशन आठला संपते आणि तोवर जेवण तयार हवं, अशा बाईला (किंवा बाप्याला, तीन गिऱ्हाईक पुरुष आहेत आणि ते वेळेवर डबे परत देतात) ती वीस मिनिटं कुठून आणायची हा रोजचा प्रश्न असतो. पावट्याचे दाणे सोलणं, शेपू-मेथी निवडणं, सुकं खोबरं भाजून वाटणं, या कामांचंही तसंच आहे. उलट, कोबी-फ्लॉवरचा शिधा आम्ही ठेवतो खरा, पण मनापासून सांगतो, कोबी चिरायला वेळ लागतो किती? तो घरीच चिरा.

हिशेब

अख्खा मसूर आमचा सगळ्यात जास्त खपतो, म्हणून त्याचाच हिशेब मांडतो. भाव थोडे वरखाली होतात, पण अंदाज येईल. चार माणसांना दोनशे ग्रॅम मसूर, वीस रुपये. कांदे दहा. टोमॅटो आठ. आलं-लसूण दहा. कांदा-लसूण मसाला पंचवीस ग्रॅम, पंधरा रुपये. सुकं खोबरं सहा. कोथिंबीर पाच. झाले चौऱ्याहत्तर. आमचा शिधा एकशे चाळीसला आहे. म्हणजे सहासष्ट रुपये तुम्ही जास्त देता. त्यात आमच्याकडच्या दोन बायकांची मजुरी, पेट्रोल, मोठ्या फ्रीजचं वीजबिल, टाकून द्यावा लागणारा माल आणि आमचं पोट.

आठवड्यातून दोनदा मागवलात तर महिन्याला पाचशे-साडेपाचशे जास्तीचे जातील. रोज मागवलात तर दोन हजारांच्या आसपास. एवढ्या पैशांत वरकामाला बाई मिळत असेल तर ती ठेवा, ती भाजीही चिरेल आणि भांडीही घासेल. आम्ही महिन्याची वर्गणी घेत नाही ती याच कारणासाठी. आदल्या दिवशी रात्री नऊपर्यंत सांगा, नको असेल तर सांगू नका. तिकडच्या कंपन्यांनी वर्गणीवर भिस्त ठेवली आणि सवलतीत आलेलं गिऱ्हाईक सवलत संपली की टिकेना. ब्लू एप्रन २०१७ मध्ये शेअर बाजारात उतरली तेव्हा शेअर दहा डॉलरला होता. २०२३ मध्ये कंपनी विकली गेली तोवर त्या भावाचं पार पाणी झालं होतं.

चिरलेल्या भाजीचं खरं

भाजीला सुरी लागली की तिचं आयुष्य कमी होतं. चिरलेल्या जागी हवा लागते, काही जीवनसत्त्वं, विशेषतः क जीवनसत्त्व, कमी व्हायला लागतात, पाणी सुटतं. घरी चिरून लगेच फोडणीला टाकलेल्या भाजीची सर सकाळी चिरून संध्याकाळी शिजवलेल्या भाजीला नाही. हे आम्ही नाकारत नाही. फक्त ज्या घरी नाहीतर बाहेरून वडापाव आला असता, तिथे ही भाजी बरी.

वांगं आम्ही चिरत नाही. कृष्णाकाठची वांगी म्हणजे सांगलीचा अभिमान, आणि पहिल्या महिन्यात हौसेनं आम्ही ती चार फाका करून, मिठाच्या पाण्यातून काढून पाठवली. दारात पोहोचेपर्यंत आतून काळी. चव बिघडली नव्हती, पण काळं वांगं बघून कुणाची भूक राहते? आता वांगी देठासकट अख्खी येतात, भरायचा मसाला वेगळ्या डबीत. फाका तुम्ही करायच्या, एक मिनिटाचं काम. बटाट्याचंही तेच. भेंडी आधी धुऊन, पुसून, कोरडी करून मगच चिरतो. चिरून धुतलेली भेंडी तार सोडते हे तुम्हाला सांगायला नको.

एक चूक मात्र मोठी झाली होती, ती सांगून टाकतो. एप्रिलमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला, मटकी रात्रभर भिजत ठेवली. सकाळी मोड छान दिसले, डबे भरले, चौदा घरी गेले. दुपारी पहिला फोन आला, "मटकीला वास येतोय." मग दुसरा. आंबली होती. चौदाही घरांचे पैसे परत केले, त्यातल्या दोन घरांनी नंतर कधी मागवलं नाही. आता मार्च ते जूनमध्ये कडधान्य सहाच तास भिजतं, पाणी दोनदा बदलतो आणि मोड फ्रीजमध्येच येऊ देतो. बारीक येतात, पण आंबत नाहीत. मोडाचं कडधान्य कच्चं खाऊ नका, नीट शिजवूनच खा, ही विनंती थंडीतही लागू.

तुमच्या बाजूनं एवढं सांभाळा: डबा आला की तडक फ्रीजमध्ये. पाच ते साठ अंश तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात, म्हणजे आपला ओटा वर्षाचे बारा महिने त्या टप्प्यात असतो. वॉचमनकडे ठेवायला सांगू नका, आम्ही ठेवत नाही. घरी कुणी नसेल तर शेजारच्या फ्रीजवाल्या घराचं नाव द्या. आणि त्याच दिवशी शिजवा. झाकणावर भरल्याची तारीख, वेळ आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा, १४ आकडी क्रमांक असतो. तो आमच्याच काय, कुणाच्याही पाकिटावर बघायची सवय असू द्या.

शेंगदाण्याचं कूट आमच्या निम्म्याअधिक शिध्यांत असतं, आणि एकाच खलबत्त्यात सगळं कुटलं जातं. घरात कुणाला शेंगदाणा चालत नसेल तर कृपा करून आमच्याकडून काहीच घेऊ नका. कूट वगळून देतो असं आम्ही म्हणणार नाही. कांदा-लसणाविना मात्र वेगळा शिधा असतो, त्याची सुरी, पाट, मिक्सर सगळं निराळं. जैन गिऱ्हाइकांसाठी कंदमुळंही वगळतो. चातुर्मासात या शिध्याला इतकी मागणी असते की दोन दिवस आधी सांगावं लागतं.

चव

इथे आम्ही हरतो. आपल्या भागात प्रत्येक घरचा कांदा-लसूण मसाला वेगळा. उन्हाळ्यात बसून, मिरच्या निवडून, गिरणीत रांग लावून केलेला. आमच्या मसाल्याला नाव ठेवणारं गिऱ्हाईक आम्हाला खोटं वाटत नाही, त्याच्या घरी बरणी भरलेली असते. म्हणून मसाल्याविना शिधा मागा, पंधरा रुपये कमी लावतो. तुमच्या बरणीतला घाला. भाजी तुमच्या घरची लागेल, आणि सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

कचरा

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा खोक्यांची तपासणी केली. तेच जेवण दुकानातून सामान आणून केलं तर हरितगृह वायूंचं उत्सर्जन सरासरी ३३ टक्के जास्त निघालं, कारण खोक्यात वेष्टन जास्त असलं तरी अन्न कमी वाया जातं. हा आकडा आमच्या धंद्यातले लोक आनंदानं छापतात. आम्ही छापला, पण लगेच सांगतो की ती तुलना तिथल्या सुपरमार्केटशी आहे, कापडी पिशवी घेऊन मंडईत चालत जाणाऱ्या माणसाशी नव्हे. त्या माणसापुढे आमची स्कूटर हरते.

आमच्याकडे भाजी स्टीलच्या डब्यात येते, मसाला कागदी पुडीत, वाटण छोट्या डबीत. तीनशे रुपये अनामत, डबे थांबवले की परत. पावसाळ्यात पुड्या कधी ओलसर येतात, त्यावर आम्हाला अजून उपाय सापडलेला नाही. डबे घासून द्यावेत अशी सक्ती नाही, पण विसळून द्या. तीन दिवस कुलूपबंद राहिलेला मसाल्याचा डबा उघडणं ही शिक्षा आहे.

कुणी घ्यावा, कुणी नाही

घरात सहापेक्षा जास्त माणसं असतील तर घेऊ नका, दोन शिधे लागतील आणि तेवढ्यात घरी मेजवानी होईल. शेत असेल, दारात भाजीवाली येत असेल, निवडायला घरात रिकामे हात असतील, तरी घेऊ नका. आमची पक्की गिऱ्हाइकं निराळीच निघाली, आम्ही धरून चाललो होतो त्याहून. नोकरी करणारी जोडपी आहेतच. पण त्यांच्याइतकेच, मुलं पुण्याला आणि आपण दोघंच इथे, असे आजी-आजोबा आहेत. बोटं आखडली, सुरी धरवत नाही, पण फोडणीचा वास घरात आला पाहिजे हा हट्ट आहे. त्यांच्यासाठी दोन माणसांचा, कमी तिखटाचा शिधा आता वेगळा करतो, ऐंशी रुपयांत. पैसे मुलगी पुण्याहून पाठवते, तिखटाबद्दलची तक्रार आजोबा इथून करतात. आणि मिरजेला दवाखान्यात पेशंट असलेले बाहेरगावचे नातेवाईक, खोली भाड्यानं घेऊन राहिलेले. एक शेगडी, एक पातेलं, वेळ कधी मिळेल याचा नेम नाही. त्यांच्याकडून आम्ही अनामत घेत नाही.

फेऱ्या सकाळी सातला सांगली-विश्रामबाग आणि संध्याकाळी पाचला मिरज. सोमवारी बंद. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला गेलं की नवीन मागणी घेत नाही. ४५ फूट ही धोका पातळी, पण आम्ही तोवर थांबत नाही, कारण गावभागातले रस्ते कधी बंद होतील याचा भरवसा नसतो आणि अर्ध्या वाटेत अडकलेली भाजी कुणाच्याच कामाची नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर बघितलेल्या माणसाला याचं कारण विचारावं लागत नाही. त्या दिवसांत आधीच दिलेले पैसे खात्यावर तसेच राहतात, पाणी उतरलं की वापरा.

मागणीचा नंबर पत्रकाच्या मागच्या बाजूला आहे. रात्री नऊनंतर फोन उचलला जात नाही, तेव्हा आम्ही गवार निवडत असतो.