गिटार अँपवर दोन माइक: पोलॅरिटी वेगळी, फेज वेगळी

गिटार कॅबिनेटसमोर, म्हणजे अँपच्या स्पीकरच्या पेटीसमोर, शुअर एसएम५७ आणि रॉयर आर-१२१ ही जोडी स्टुडिओंमध्ये चांगलीच रुळली आहे. एसएम५७ हा डायनॅमिक माइक. ५ ते ६ किलोहर्ट्झच्या आसपास तो उठून बोलतो, त्यामुळे पिकचा टोला आणि डिस्टॉर्शनची धार मिळते. आर-१२१ हा रिबन माइक, म्हणजे आत धातूची पातळ पट्टी (रिबन) असलेला. वरच्या टोकाला मऊ, खाली भरीव. एकेकटे ऐकले तर दोघेही छान, पण मिक्सरवरचे फेडर (आवाजाच्या पट्ट्या) एकत्र वर केले की आवाज पोकळ होतो. मग प्रिअँपवरचं (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रावरचं) तिरकी रेघ मारलेल्या शून्याचं बटण दाबून पाहिलं जातं. कधी काम होतं, कधी होत नाही. कारण ते बटण फक्त पोलॅरिटी उलटवतं, आणि बिघाड बहुतेक वेळा वेळेचा असतो.

पोलॅरिटीचा वेळेशी काहीच संबंध नाही. ती उलटी असेल तर स्पीकरचा कोन (पुढेमागे हलणारा शंकू) पुढे आला की एका माइकची लाट वर जाते, दुसऱ्याची त्याच क्षणी खाली. सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम उलटतात. एक्सएलआर केबलमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिना उलट सोल्डर झाल्या की हे घडतं. (१ नंबरची पिन २ किंवा ३ शी शॉर्ट झालेली केबल आणि चालू फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून माइकला जाणारा वीजपुरवठा, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर आर-१२१सारखी रिबन खराब होऊ शकते, फँटम बंद करूनच माइक जोडा.) आर-१२१ पाठीकडूनही तितकंच ऐकतो, पण मागच्या बाजूचा सिग्नल उलटा असतो. जवळून ती बाजू जरा उजळ वाजते म्हणून मुद्दाम वापरतात. तेव्हा बटण दाबावंच लागतं. फेंडर ट्विन रिव्हर्ब किंवा व्हॉक्स एसी३०सारख्या मागून उघड्या अँपच्या पाठीशी दुसरा माइक लावला तरी तेच, कारण पुढून ढकलणारा कोन मागून ओढत असतो.

फेजचा घोळ अंतरातून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक माइक दुसऱ्यापेक्षा १० सेमी मागे असेल तर त्याला आवाज ०.२९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. उशीर एकच, पण प्रत्येक फ्रिक्वेन्सीला तो वेगळा भोवतो. गिटारच्या सगळ्यात जाड तारेच्या ८२ हर्ट्झला तो जेमतेम ९ अंशांचा, म्हणजे नगण्य. १७१५ हर्ट्झला मात्र पूर्ण १८० अंशांचा, आणि पातळी समान असेल तर तिथे आवाज कापला जातो. पुढे ५१४५ हर्ट्झला पुन्हा तेच. आता बटण दाबलंत तर हे खड्डे भरतात, पण नवा ३४३० हर्ट्झला पडतो आणि खालचा बास जवळजवळ नाहीसा होतो. ओळखायची खूण हीच: बटणाच्या एका स्थितीत आवाज सगळीकडून भरून आला तर प्रश्न पोलॅरिटीचा होता. दोन्ही स्थितींत काहीतरी हरवत असेल, एकीकडे बास आणि दुसरीकडे मधला भाग, तर माइक हलवा.

टॉर्चने कॅबिनेटच्या कापडी जाळीतून कोन आणि मधली डस्टकॅप पाहून घ्या. एसएम५७ कॅपच्या कडेवर रोखा, कापडापासून २ ते ३ सेमी. रिबन त्याच स्पीकरवर शेजारी लावा. इथे हमखास चूक होते: माइकच्या पुढच्या जाळ्या एका रेषेत लावल्या जातात. एसएम५७चा पडदा (आवाज पकडणारा भाग) जाळीच्या लगेच मागे असतो, रिबन मात्र आर-१२१च्या नळीच्या आत. जुळवायचे ते पडदे.

मग दोन्ही ट्रॅकची पातळी कानाला समान करा, दोन्ही मोनोत मध्यभागी ठेवा आणि एकाची पोलॅरिटी मुद्दाम उलटवा. एकच रिफ सतत वाजू द्या. एकाने रिबन अर्धा-अर्धा सेमी पुढेमागे सरकवावी, दुसऱ्याने कंट्रोल रूममध्ये ऐकावं. आवाज सर्वांत पातळ होईल तिथे स्टँड घट्ट करा आणि पोलॅरिटी पूर्ववत करा. भरलेपणा शोधण्यापेक्षा पातळपणा शोधणं कानाला सोपं जातं. पातळी आधी जुळवली नाही तर ही युक्ती फसते, कारण असमान आवाज एकमेकांना नीट कापत नाहीत.

रिबनला जवळून बास फार येतो. म्हणून ती १२ सेमी मागे घेतलीत तर रेकॉर्डिंगनंतर तिचा ट्रॅक पुढे ओढता येतो: ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये एक सॅम्पल (आवाजाचं एक डिजिटल मोजमाप) म्हणजे सुमारे ७ मिमी, म्हणून १७ सॅम्पल. वेव्हफॉर्म मोठा करून पहिला टोला पाहा. उलट्या दिशेला असेल तर पोलॅरिटी, त्याच दिशेला पण मागे असेल तर वेळ.

मात्र प्रत्येक फरक मिटवायचा नसतो. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत दोन एसएम५७ चिकटून असतात, एक सरळ, दुसरा सुमारे ५५ अंशांत. तिथे वरच्या टोकाची थोडी काटछाट हाच हवा असलेला आवाज असतो. एक मीटरवरचा रूम माइकही (खोलीचा आवाज पकडणारा) तसाच सोडावा. त्याची पातळी कमी असल्याने खड्डे उथळ पडतात. त्याने बास खाल्ला, तरच आधी बटण, मग स्टँड.