खडकवासला कालवा आणि मुंढव्याचे बदली पाणी : पार्श्वभूमी

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा उपयुक्त साठा मिळून २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). एकट्या खडकवासल्यात त्यातले जेमतेम दोन. पण पुणे शहर असो की इंदापूरचे टोक, पाणी सुटते ते याच छोट्या धरणातून. वरची तीन धरणे त्यात पाणी ओततात आणि खाली वाटणीचा वाद पेटतो. यंदा उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला सोडायची पाण्याची पाळी, एक की दोन, शहराची कपात किती, या बातम्या दरसाल येतात. त्यांच्या मुळाशी शहराने धरणाचे पाणी घेऊन बदल्यात शुद्ध केलेले सांडपाणी शेतीला द्यायचा जो करार आहे, त्याच्याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही.

इंग्रजी अमदानीचा भाग थोडक्यात उरकतो. खडकवासल्याच्या दगडी धरणाचे काम १८६९ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षांनी संपले. पुण्याच्या लष्कराला पाणी आणि पूर्वेच्या अवर्षणी पट्ट्याला सिंचन, असे दोन हेतू होते. उजवा कालवा हडपसर, लोणी, यवत करत पाटसपर्यंत, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर गेला. पुढे त्याच्या काठाने ऊस आला. म्हणजे शहर आणि शेती यांची वाटणी पहिल्या दिवसापासूनच होती, फक्त तेव्हा शहर लहान होते.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले. त्या पुरावर खूप लिहिले गेले आहे. कालव्याचा आजचा नकाशा मात्र त्यानंतरचा आहे. खडकवासला दुरुस्त झाले, पानशेत नव्याने उभे राहिले आणि २०२ किलोमीटरचा नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड ओलांडून इंदापुरात पोचला. लाभक्षेत्र कागदोपत्री ६२ हजार हेक्टरच्या आसपास. दौंड आणि इंदापूर शहरांचे पिण्याचे पाणीही याच कालव्यावर आले. जुना कालवा शहरात बुजत गेला. हडपसरच्या पुढे तो शिल्लक राहिला, आणि नव्याच्या तुलनेत अंगाने बारीक म्हणून ‘बेबी कालवा’ झाला.

पुढच्या तिढ्याला हाच बेबी कालवा कारणीभूत आहे.

शहराची गरज मंजूर कोट्याबाहेर गेली तेव्हा तोडगा निघाला तो असा: महापालिकेने वर्षाला ११.५ टीएमसी उचलावे आणि बदल्यात ६.५ टीएमसी सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत द्यावे. त्यासाठी मुंढव्याला नदीकाठी जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, बांधले. नदीतले पाणी पंपाने उचलायचे, पाइपातून हडपसरजवळच्या साडेसतरा नळी या ठिकाणी बेबी कालव्यात सोडायचे, आणि तेवढे धरणातले पाणी शहराच्या नावे मोकळे करायचे. कागदावर हिशेब चोख. प्रत्यक्षात तो तीन ठिकाणी अडतो.

पहिली अडचण सगळ्यांना दिसते. जॅकवेल शुद्धीकरण केंद्राच्या नळावर बसवलेले नाही, ते नदीवर आहे. केंद्रातून बाहेर पडलेले पाणी आणि नाल्यांतून थेट आलेले मैलापाणी नदीत एकत्र होते आणि तेच उचलले जाते. लोणी, उरुळीच्या बाजूला पाट सुटला की फेस आधी येतो, वास त्याच्या पुढे. काठच्या विहिरी बिघडल्याची तक्रार जुनी आहे.

दुसरी अडचण वेळेची. सांडपाणी बारा महिने सारखेच येते. ६.५ टीएमसी म्हणजे दिवसाला साधारण ५०० दशलक्ष लिटर, आषाढातही आणि वैशाखातही. शेतीला पाणी लागते पाळीने. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येणारा एक तृतीयांश हिस्सा, म्हणजे दोनेक टीएमसी, पाऊस बरा असला तर कोणी मागत नाही. धरणातले पाणी साठवून हवे तेव्हा सोडता येते, बेबी कालव्यातले येत नाही. दोन्ही टीएमसी एकाच भावाने मोजले, ही माझ्या मते या करारातली सर्वांत मोठी चूक.

तिसरी गोष्ट क्वचितच बोलली जाते. नवा कालवा इंदापूरपर्यंत जातो, बेबी कालवा पाटसच्या आसपास थांबतो. पाणी कमी झाले ते शेवटच्या शेतकऱ्याचे, नमुना सातचा, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या मागणीचा, अर्ज भरून पाळीची वाट बघणाऱ्याचे. बदली पाणी मिळाले ते अलीकडच्या पट्ट्याला, ज्याला नदीही जवळ आहे. अदलाबदल झाली ती शहर आणि ‘सिंचन’ यांच्यात, आणि सिंचन हा काही एक माणूस नव्हे.

महापालिका म्हणते, आम्ही पाणी द्यायला तयार आहोत, पाटबंधारे खातेच उचलत नाही. पाटबंधारे खाते म्हणते, पुरेसे आणि नीट शुद्ध केलेले पाणी येतच नाही. दरम्यान शहराची उचल १७-१८ टीएमसीच्या घरात आणि पुढे त्याहूनही वर गेली. माणशी लिटरच्या मापदंडाने मात्र २०१८ च्या सुमारास ८.१९ टीएमसीच बसत होते. जादा पाण्याच्या बिलाचा आणि त्यातल्या औद्योगिक दराच्या आकारणीचा वाद वेगळाच चालू आहे. उद्योगांचे नाव निघाले म्हणून सांगतो: २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये शेती दुसरी आली.

२७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ नव्या कालव्याची भिंत फुटली आणि वस्त्यांत पाणी शिरले. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरला, असे मोठ्या पदावरून सांगण्यात आले. खेकड्यांनी खुलासा केला नाही. शहरातला उघडा कालवा मोडीत काढून खडकवासला ते फुरसुंगी बोगदा करण्याच्या मागणीला यानंतर जोर आला. बोगद्याची लांबी सुमारे २८ किलोमीटर. गळती आणि बाष्पीभवन टळून दोनेक टीएमसी वाचतील, असे सांगतात.

त्या वाचणाऱ्या पाण्यावरचा दावा सोपा नाही. हडपसर, फुरसुंगी, मांजरी ही कालव्याची सर्वांत जुनी भिजणारी गावे. हडपसर तर केव्हाच शहर झाले. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिका हद्दीत आली. फुरसुंगी त्यात आधी आली, नंतर बाहेर पडली. जिथे उसाची सरी होती तिथे आता इमारती आहेत. शहराचे म्हणणे, रानाचे पाणी आता तिथल्या नळांना द्या. दौंड-इंदापूरचे म्हणणे, क्षेत्र घटले तर त्या वाट्याचे पाणी खाली सोडा, कारण लाभक्षेत्र ठरले तेव्हा शेवटच्या चारीलाही पाणी मोजून दिले होते.