सर्पिल दीर्घिका

तारे, वायू व धूळ यांची चपटी, परिवलन करणारी तबकडी असलेली आणि मध्यभागाकडून बाहेर वळत गेलेल्या भुजा दाखविणारी दीर्घिका (गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेला ताऱ्यांचा प्रचंड समूह). सूर्य जिचा घटक आहे ती आकाशगंगा आणि देवयानी तारकासमूहातील एम ३१ या दोन्ही या प्रकारात मोडतात.

हे रूप प्रथम १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांना आयर्लंडमधील बर येथील ७२ इंची दुर्बिणीतून, श्यामशबल तारकासमूहातील एम ५१ मध्ये दिसले. अशा ‘सर्पिल अभ्रिका’ (अभ्रिका म्हणजे आकाशात ढगासारखा दिसणारा अंधुक पट्टा) आकाशगंगेतच आहेत की तिच्याबाहेर, हा वाद १९२० मध्ये शॅप्ली व कर्टिस या खगोलशास्त्रज्ञांनी जाहीरपणे मांडला. खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी पुढे एम ३१ मधील सेफीड चल ताऱ्यांवरून (ज्यांच्या तेजाच्या नियमित चढउतारांवरून अंतर काढता येते असे तारे) तिचे अंतर काढल्यावर तो मिटला. हबल यांनीच मध्यभागाच्या फुगवट्याचा आकार व भुजांचा सैलपणा यांवरून या दीर्घिकांचे वर्गीकरण केले आणि मध्यभागी ताऱ्यांचा दंड (लांबट, सरळ पट्टा) असलेल्यांचा वेगळा गट मानला. आकाशगंगा या दंडयुक्त गटातील आहे.

मध्यभागी बहुधा जुन्या, तांबूस ताऱ्यांचा फुगवटा असतो, तर तबकडीभोवतीच्या विरळ परिमंडलात गोलाकार तारकागुच्छ विखुरलेले असतात.

भुजांची उत्पत्ती हा खरा कठीण प्रश्न आहे. तबकडीचा आतील भाग बाहेरील भागापेक्षा कमी काळात फेरी पूर्ण करतो. सूर्याला एका फेरीस २० कोटींहून अधिक वर्षे लागतात. भुजा त्याच त्या ताऱ्यांच्या बनलेल्या असत्या, तर काही फेऱ्यांतच त्या घट्ट गुंडाळल्या जाऊन ओळखू येईनाशा झाल्या असत्या. खगोलशास्त्रज्ञ लिंडब्लाड यांच्या आधीच्या विचारांना पुढे नेत लिन व शू यांनी १९६४ मध्ये घनता तरंगांचा सिद्धांत मांडला. त्यानुसार भुजा म्हणजे तबकडीतून फिरणारा दाटीचा आकृतिबंध असून तारे व वायू त्यात शिरतात आणि बाहेर पडतात. दाटीत दाबल्या गेलेल्या वायूतून जन्मलेले तप्त, अल्पायुषी निळे तारे भुजांना उजळवितात. हा आकृतिबंध दीर्घकाळ टिकतो, हे मात्र सर्वमान्य नाही. संगणकीय प्रतिरूपांत भुजा पुन्हापुन्हा निर्माण होतात व विरतात, आणि एम ५१ च्या ठसठशीत भुजांमागे शेजारच्या एनजीसी ५१९५ या दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण असावे. सर्व सर्पिलांना एकच कारण लावण्यापेक्षा ठळक दोन भुजांच्या दीर्घिकांना तरंग वा शेजारी दीर्घिकेचा प्रभाव, आणि तुटक भुजांच्या दीर्घिकांना तबकडीतील स्थानिक अस्थिरता लावणे अधिक सयुक्तिक वाटते.

रूबिन व फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये एम ३१ चे परिवलन मोजले, तेव्हा बाहेरील भागातही वेग अपेक्षेप्रमाणे घटत नसल्याचे दिसले. अशा निरीक्षणांवरून दीर्घिकांभोवती कृष्णद्रव्य (प्रकाश न देणारे, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य) असल्याचे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तबकडीतील उदासीन (विद्युतभाररहित) हायड्रोजन २१ सेंमी. तरंगलांबीवर अभ्यासता येतो. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण त्यासाठीही वापरली जाते.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी २०२५ मध्ये वर्णिलेली ‘अलकनंदा’ ही दोन स्पष्ट भुजांची दीर्घिका महास्फोटानंतर (विश्वाच्या आरंभानंतर) सुमारे १५० कोटी वर्षांनीच घडलेली होती. तबकडी स्थिरावून भुजा उमटण्यास किती काळ लागतो, याविषयीच्या प्रचलित अनुमानांपेक्षा हा काळ बराच कमी आहे.