बालीच्या गावातली जमीन आणि परदेशी पैसा : आजचे नियम कुठून आले

बालीतल्या गावात जागा घ्यायची, छोटा व्हिला बांधायचा, थोडं राहायचं थोडं भाड्याने द्यायचं, याबद्दल बोलताना भाव, रिटर्न, व्हिसा सगळं येतं पण नियम असे का आहेत ते कुणी सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय सही करणं मला धोक्याचं वाटतं. नुसा दुआ, सानूरच्या मोठ्या हॉटेलांची गोष्ट वेगळी आहे, ती इथे घेत नाही. इथे फक्त गावं, म्हणजे चांगू, पेरेरेनान, उबुदच्या आजूबाजूची भातशेती, तबानानकडचा पट्टा.

जुन्या काळाचं थोडक्यात. डचांनी १८७० मध्ये जमीन कायदा केला, ज्या जमिनीची मालकी कुणी सिद्ध करू शकत नाही ती सरकारची असं ठरवलं आणि मळेवाल्या कंपन्यांना ७५ वर्षांपर्यंतचे पट्टे द्यायला सुरुवात केली. पण स्थानिकांची जमीन बाहेरच्यांना कायमची विकायला त्यांनीच १८७५ मध्ये बंदी घातली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दक्षिण बाली तर १९०६ ते १९०८ च्या लढायांनंतरच पूर्णपणे त्यांच्या हातात आलं, त्यामुळे जावासारखे मळे तिथे पसरले नाहीत आणि सुबाक, म्हणजे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांची व्यवस्था, टिकून राहिली. १९२०-३० च्या दशकांत युरोपातून चित्रकार, संगीतकार येऊन उबुदला राहिले, तेही तिथल्या राजघराण्याच्या आश्रयाने.

खरी सुरुवात १९६० ची. २४ सप्टेंबर १९६० ला स्वतंत्र इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा आला, ती तारीख आजही तिकडे शेतकरी दिन म्हणून पाळतात. पूर्ण मालकी म्हणजे हाक मिलिक, ती फक्त इंडोनेशियन नागरिकाला (कलम २१). परदेशी माणसाला वारसाहक्काने किंवा लग्नामुळे अशी जमीन मिळाली तर एका वर्षात सोडायची. शेतजमिनीला कमाल मर्यादा आली आणि १९६१ च्या नियमाने दुसऱ्या तालुक्यात बसून शेतजमीन बाळगायलाही बंदी आली. आपल्याकडे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे या कायद्यामागची भीती आपल्याला समजायला हवी. मर्यादेवरची जमीन काढून इतरांना वाटण्याची ही फेरवाटणी बालीत शांतपणे झाली नाही. १९६५-६६ च्या कत्तलीत तिथे हजारो माणसं मारली गेली आणि त्यामागच्या कारणांत जमिनीचे वाद होते. त्यानंतर फेरवाटणीचा विषयच बंद झाला.

१९७१ चा पर्यटन आराखडा असा होता की पर्यटक दक्षिणेला एका जागी ठेवायचे आणि गावं फक्त दिवसा बघायला न्यायची. तसं झालं नाही, सर्फिंगवाले समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत शिरले, घरातल्या खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, मग जमीन. १९९३ मध्ये तानाह लोतच्या देवळाजवळ गोल्फ रिसॉर्टचं प्रकरण पेटलं, १९९४ मध्ये देवळांभोवती किती अंतरात काय बांधायचं नाही याचं धार्मिक फर्मान निघालं, तरी रिसॉर्ट झालंच. १९९६ च्या नियमाने परदेशी माणसाला वापराच्या हक्कावर, म्हणजे हाक पाकाईवर, एक घर घेता येऊ लागलं, २५ वर्षं आणि मग नव्याने २५. पण तोपर्यंत लोकांनी वेगळी वाट शोधली होती. त्यात १९९७-९८ ला रुपिया कोसळला, डॉलरला सुमारे २,४०० होता तो १५,००० च्या पुढे गेला, म्हणजे बाहेरून पैसा आणणाऱ्याला गावातली जमीन एकदम फुकटासारखी वाटायला लागली.

ती वेगळी वाट म्हणजे पिंजाम नामा, उसनं नाव. यावर जरा थांबावं लागेल कारण आजचे निम्मे वाद इथूनच निघतात. जमीन गावातल्या किंवा ओळखीच्या इंडोनेशियन माणसाच्या नावावर घ्यायची, पैसे परदेशी माणसाचे. मग नोटरीसमोर कागदांचा गठ्ठा करायचा : त्या नावाच्या माणसाने जमिनीच्या किमतीएवढंच कर्ज घेतलंय असा करार, त्या कर्जापोटी जमीन गहाण, तीच जमीन परदेशी माणसाला लांब मुदतीच्या भाड्याने दिल्याचा करार, विकण्याचं मागे न घेता येणारं मुखत्यारपत्र, आणि कधी कधी मृत्युपत्रसुद्धा. कागद सुटे सुटे बघितले तर बहुतेक कायदेशीर वाटतात. एकत्र बघितले की हेतू उघड दिसतो.

आणि १९६० च्या कायद्यात यावर उत्तर पहिल्यापासून होतं. कलम २६ चं दुसरं पोटकलम म्हणतं की थेट किंवा आडमार्गाने परदेशी माणसाकडे मालकी नेणारा कुठलाही व्यवहार आपोआप रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत. मात्र जमिनीवर आधीपासून असलेले इतरांचे हक्क चालू राहतात असंही त्यातच लिहिलंय, म्हणूनच गठ्ठ्यात भाडेकरार आणि गहाणखत घालायची पद्धत पडली, की मालकी गेली तरी हे वाचेल. उसन्या नावाची बाजू घेणारे म्हणायचे की दोन सज्ञान माणसांनी केलेला करार त्यांच्यापुरता कायदाच असतो, डच काळापासूनच्या दिवाणी संहितेत तसं आहेच. विरोधक म्हणायचे की त्याच संहितेत कराराचा हेतू कायदेशीर असला पाहिजे असंही आहे. मला दुसरी बाजू पटते, कारण "आडमार्गाने" हा शब्द १९६० मध्ये कुणी उगाच घातलेला नाही. असली पूर्ण मुखत्यारपत्रं १९८२ च्या सरकारी आदेशाने बंद केली होती, आणि २००७ च्या गुंतवणूक कायद्याने कंपनीचे शेअर दुसऱ्याच्या नावावर ठेवण्याचे करारही रद्दबातल ठरवले. तरीही गठ्ठे बनत राहिले. कोर्टांचे निकालही एकसारखे नव्हते, कुठे कर्ज हे कर्जच मानलं गेलं तर कुठे सगळा गठ्ठा रद्द. शेवटी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांसाठी परिपत्रक काढलं : पैसे परदेशी माणसाचे असले तरी जमिनीच्या सर्टिफिकेटवर ज्याचं नाव तोच मालक.

यात परदेशी माणूस फसला अशीच गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि ती खोटी नाही, नाव देणारा वारला की त्याची मुलं दारात येतात, त्याचा घटस्फोट झाला तर बायको हिस्सा मागते. पण नाव देणाऱ्याची बाजू कोण सांगतं? ज्या कर्जाचा एक पैसा त्याच्या हातात आला नाही ते कर्ज त्याच्या नावावर राहतं, ज्या जमिनीवर तो पायही ठेवत नाही ती त्याची म्हणून नोंदली जाते. आणि गठ्ठे बनवणाऱ्यांची फी तर पहिल्याच दिवशी मिळून जाते. लग्नाचा मुद्दाही इथलाच. १९७४ च्या विवाह कायद्याने लग्नानंतरची मिळकत दोघांची, म्हणून परदेशी माणसाशी लग्न केलेल्या इंडोनेशियन बाईला लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर स्वतःच्या देशात हाक मिलिक घेता येत नव्हती. २०१६ मध्ये घटना न्यायालयाने असा करार लग्नानंतरही करायची परवानगी दिली, हे फार उशिरा झालं असं मला वाटतं.

२०१५ आणि मग २०२१ च्या नियमांनी हाक पाकाई ३० अधिक २० अधिक ३० अशी ८० वर्षांपर्यंत नेली. जाहिरातीत ८० हा आकडाच दिसतो, पण ती सलग मुदत नाही, प्रत्येक टप्प्याला अर्ज आणि मंजुरी आहे. मुदतवाढ आगाऊ एकदम देऊन टाकायची सोय २००७ च्या कायद्यात होती, ती घटना न्यायालयाने २००८ मध्येच रद्द केली होती. शिवाय इमिग्रेशनचे वैध कागद हवेत, एका कुटुंबाला एकच जमीन, २,००० चौरस मीटरपर्यंत, आणि बालीत बंगल्याची किंमत किमान ५ अब्ज रुपिया. कंपनी काढून बांधकामाचा हक्क घ्यायचा तर १० अब्ज रुपियांच्या वरची गुंतवणूक दाखवावी लागते. हे न झेपणारे सगळे साध्या भाडेकरारावर येतात, २५-३० वर्षं, सगळं भाडं आधी, भाव आरावर ठरतो (१ आर म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या गुंठ्याच्या जवळपास). पण असा करार हा दोन माणसांतला करार, त्याने जमिनीवर तुमचा नोंदलेला हक्क तयार होत नाही.

गावाचं स्वतःचं म्हणणं या सगळ्याच्या बाजूला चालत आलंय. १९७९ च्या कायद्याने देशभर एकाच साच्याची सरकारी गावं केली, बालीत तर डच काळापासूनच सरकारी गाव वेगळं आणि देसा अदात, म्हणजे परंपरेचं गाव, वेगळं. असे अदात गाव सुमारे दीड हजार आहेत, २०१४ च्या ग्राम कायद्याने अशा परंपरेच्या गावांना जागा दिली, २०१७ पासून जमीन त्यांच्या नावावर नोंदता येऊ लागली, २०१९ मध्ये प्रांताने त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला. घराखालची काही जमीन गावाची असते, राहणाऱ्याने बदल्यात देवळाची आणि बंजारची, म्हणजे गावातल्या वस्तीच्या गटाची, कामं करायची, ती जमीन तो मनाला येईल तशी देऊ शकत नाही. देवळाच्या जमिनीचं तर विचारूच नका. सुबाकला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, पण वरच्या शेतात व्हिला आला आणि पाट अडला की खालच्याचं भात जातं, तो मान त्याला पाणी देत नाही.

कोविडनंतर सगळं एकदम वेगाने झालं. चांगू भरलं तसे लोक पेरेरेनानला आणि पुढे तबानानच्या किनाऱ्याकडे सरकले. २०२४ मध्ये देनपसार, बाडुंग, गियान्यार, तबानान इथे नवी हॉटेलं-व्हिले थांबवायची घोषणा झाली, जुलै २०२५ मध्ये उलुवातूजवळ बिंगिनच्या कड्यावरची डझनावारी बांधकामं सरकारी जमिनीवर आहेत म्हणून पाडली, त्यात गावातल्याच लोकांचे जुने धंदे होते. आणि २००० च्या आसपास २५ वर्षांवर केलेले भाडेकरार आता संपायला लागलेत. करार करणारे वडील कित्येक ठिकाणी वारलेत, नव्या करारावर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि जुन्या करारात "मुदतवाढ बाजारभावाने" एवढंच लिहिलेलं असेल तर तो भाव कुणी ठरवायचा यावरच बोलणी अडतात.