बंद कारखान्यात कॉम्प्रेसर का धापा टाकतो?

'ग्रीन एचआर', म्हणजे मनुष्यबळ विभागाने पर्यावरणाला लावायचा हातभार, म्हटलं की रोपं लावायची, प्रिंट कमी काढायच्या आणि पर्यावरणदिनी शपथ घ्यायची, असा बऱ्याच कंपन्यांचा समज असतो. 'डिजिटल कौशल्य' म्हणजे भिंतीवर भलामोठा डॅशबोर्ड! या दोन्हींची खरी गाठ पडते ती कॉम्प्रेसर रूममध्ये, म्हणजे अवजारं चालवायला हवा दाबून पाइपांत सोडणाऱ्या यंत्राच्या खोलीत.

हवा फुकट असली तरी दाबलेली हवा महाग असते. दाबताना ती तापते, आणि बहुतेक वीज त्या उष्णतेतच जाते. अवजाराच्या टोकाशी मिळणारं काम खर्च केलेल्या विजेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकं. त्यात भर गळतीची. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण 1.9 पट झाला की भोकातून सुटणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि तिथेच थबकते. पुढे गळती किती होणार, हे फक्त आतल्या दाबावर ठरतं. 7 बारच्या (1 बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) हवेच्या लाइनला 3 मिलिमीटरचं भोक असेल, तर सेकंदाला सुमारे दहा लिटर हवा निसटते. ती भरून काढायला 3 ते 4 किलोवॉट लागतात, तेही चोवीस तास.

ही गळती मोजायला नवीन यंत्र लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून लाइनमध्ये हवा भरलेली ठेवायची. लोड-अनलोड पद्धतीचा कॉम्प्रेसर तरीही अधूनमधून लोड घेतो, म्हणजे हवा दाबू लागतो; अनलोडवर तो नुसता फिरत राहतो. तो 3 मिनिटं लोडवर आणि 7 मिनिटं अनलोडवर राहिला, तर 3 भागिले 10, म्हणजे त्याच्या क्षमतेतली 30 टक्के हवा निव्वळ गळतेय. कंट्रोलरमध्ये या वेळांची नोंद बहुधा असतेच, ती वाचणारा माणूस मात्र नसतो. 'एआय बसवलं की वीज आपोआप वाचेल' असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हा भागाकार जरूर करायला लावावा.

आता एचआरकडे येऊ. ऑपरेटरचं मूल्यमापन फक्त नगांच्या आकड्यावर होत असेल, तर दाब कमी पडताच तो सेटिंग 7 वरून 8 बार करणार. त्याच्या जागी कुणीही तेच करेल. पण वातावरणाचा 1 बार धरला तर आतला दाब 8 वरून 9 झाला, म्हणजे त्याच भोकांतून साडेबारा टक्के जास्त हवा जाणार. वर कॉम्प्रेसरला हवा दाबायलाही सहा-सात टक्के जादा वीज लागणार. आयएसओ 50001 हे ऊर्जा व्यवस्थापनाचं मानक ऊर्जावापरावर परिणाम करणाऱ्या कामगारांची सक्षमता तपासायला सांगतं, ते याचसाठी. प्रत्यक्षात मात्र प्रशिक्षणाच्या रजिस्टरवर सह्या होतात आणि विषय संपतो.

बक्षीस ठेवायचं तर सापडलेल्या गळत्यांच्या संख्येवर नको. सैल जॉइंटांचं पीक येईल. सुट्टीच्या दिवसाचं लोड-प्रमाण किती उतरलं, त्यावर अख्ख्या शिफ्टला द्यावं. शिवाय दाबाच्या सेटिंगचा पासवर्ड एकट्या मॅनेजरकडे असेल, तर गळत्या बुजवल्यावर दाब पुन्हा 7 वर आणायलाही शिफ्टला त्याच्या फोनची वाट बघावी लागते.