चिन्हपद्धती (सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांतील)

माहितीपुस्तिकेतील उदाहरणांत कोणते चिन्ह कशासाठी, याचा संकेत. काय जसेच्या तसे टाइप करायचे, कुठे स्वतःचे नाव घालायचे, काय गाळले तरी चालते, हे वाचकाला चिन्हांवरून कळते. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या परंपरेत चौकटी कंसातला भाग ऐच्छिक, तर तीन टिंबे म्हणजे आधीचा घटक पुन्हा देता येतो. एकच संकेत शेवटपर्यंत पाळावा की निरनिराळ्या पद्धती दाखवाव्यात, यावर मात्र लेखकांत दुमत आहे.

नाशिकमध्ये या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) इथलेच आणि त्याचे विद्यार्थी मुख्यतः पुस्तकावरून शिकतात. सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून रात्री लॅपटॉप उघडणाऱ्याला शंका विचारायला शेजारी कोणी नसते. ‘सीडी <फोल्डर>’ (‘सीडी’ म्हणजे फोल्डर बदलण्याची कमांड) असे छापलेले त्याने टोकदार कंसांसकट टाइप केले, तर बॅश (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे एक शेल) त्या कंसांना फाइलमधून वाचण्याची व फाइलमध्ये लिहिण्याची चिन्हे समजते आणि चूक दाखवते. # चा घोटाळा याहून वाईट. पुस्तिकांत ते प्रशासकाच्या प्रॉम्प्टची, म्हणजे कमांडच्या आधी पडद्यावर दिसणाऱ्या चिन्हाची, खूण असते. बॅशमध्ये मात्र ओळीच्या सुरुवातीला # आले की पुढचे सगळे टिप्पणी ठरते, म्हणजे ते चालवले जात नाही. ओळ तशीच चिकटवली तर काहीच घडत नाही, चूक झाल्याचा संदेशही येत नाही, आणि कमांड चालली असे वाटून शिकणारा पुढे जातो.

म्हणून लेखकाच्या स्वतःच्या खुणा पुस्तकभर एकच हव्यात. भाषेतच असलेले पर्याय मात्र दाखवलेच पाहिजेत. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एकेरी व दुहेरी अवतरणचिन्हे सारखीच. शेलमध्ये दुहेरीत चलाच्या (व्हेरिएबलच्या) नावाजागी त्याची किंमत भरली जाते, एकेरीत नाही. सगळी उदाहरणे एकाच प्रकारची दिली, तर हा फरक वाचकाला कामावर रुजू झाल्यावर कळतो, आणि तोही चूक करून.

मराठी लेखकापुढे अंकांचाही पेच असतो. पायथनचे मजकुरातून पूर्णांक बनवणारे ‘इंट’ फंक्शन अवतरणातले ‘४२’ बिनतक्रार स्वीकारते. तेच देवनागरी अंक प्रोग्रॅममध्ये संख्या म्हणून थेट लिहिले तर वाक्यरचनेची चूक येते. मजकुरात देवनागरी आणि कोडमध्ये इंग्रजी अंक ही वाटणी योग्यच आहे, पण ती पहिल्या उदाहरणाआधी एका ओळीत सांगितलेली हवी.