सत्तरच्या दशकातील केशरचना (सोलापूर)

साधारण १९७० ते १९८० या काळात सोलापूर शहरातील स्त्रीपुरुषांत रूढ असलेल्या केस राखण्याच्या आणि बांधण्याच्या पद्धती. पुरुषांपुरती या दशकाची ओळख थोडक्यात सांगायची तर कान झाकले गेले आणि डोक्यावरचे तेल उतरले. बोलले जाते ते लांबीबद्दल. पण तेल उतरणे हा त्याहून मोठा बदल होता. आधीच्या पिढीत केस तेलाने चापून बसवणे, सरळ भांग पाडणे हे नीटनेटकेपणाचे लक्षण. भुरभुरे केस दिसले की घरात आजारपण किंवा सुतक आहे का, असे विचारले जाई. त्याच कोरड्या, फुगीर केसांना या काळात रुबाब आला.

दशक सुरू झाले तेव्हा राजेश खन्ना यांचा जमाना होता. ‘आराधना’ (१९६९) नंतर त्यांच्यासारखे कानाच्या पाळीपर्यंत उतरणारे कल्ले ठेवले जाऊ लागले. ‘जंजीर’ (१९७३) नंतर हळूहळू अमिताभ बच्चन यांची धाटणी आली. कानांवरून मागे वळवलेले आणि कॉलरला टेकणारे केस म्हणजे ‘बच्चन कट’. पाश्चात्त्य देशांतली हिप्पी चळवळ १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातली. तिच्या विचारांशी इथल्या बहुतेक तरुणांचा संबंध नव्हता. तरी लांब केसांच्या मुलाला घरी ‘हिप्पी’ म्हणूनच बोलणी बसत.

या धाटणीने न्हाव्याचे कामही बदलले. धोकटीतले हातमशीन मानेपासून वर फिरवले की जुना कट पुरा होई. बच्चन कटात मशीन मानेवरच्या लवेपुरतेच. बाकी सारे कंगवा आणि कात्रीवर, थर जुळवत करायचे. कानाच्या दोन्ही बाजू सारख्या राखणे हे त्यातले सर्वांत कठीण काम. नटांची नावे सर्वांच्या तोंडी राहिली. पडद्यावर पाहिलेला आकार गिऱ्हाइकाच्या डोक्यावर उतरवणाऱ्या या कारागिरांचे श्रेय मात्र क्वचितच नोंदले गेले आहे.

स्त्रियांच्या केसांत एवढी उलथापालथ झाली नाही. कपाळावर झालर सोडणारा ‘साधना कट’ अनेकदा सत्तरच्या दशकातला समजला जातो, पण तो ‘लव्ह इन सिमला’ (१९६०) या चित्रपटातला. साधना यांचे रुंद कपाळ झाकण्यासाठी ऑड्रे हेपबर्नच्या धर्तीवर तो योजला गेला होता. सत्तरीत कॉलेजच्या मुलींमध्ये वर थोडा फुगा काढून खाली सैल वेणी, तर शाळेत रिबिनी बांधून दुमडलेल्या दोन वेण्या. केस विरळ असले तर गंगावन जोडत. मागावर किंवा गिरणीत काम करणाऱ्या बाईला मोकळे केस परवडणारे नव्हते. यंत्रात अडकण्याचा धोका होता आणि कापसाचे तंतू केसांत बसत, म्हणून घट्ट अंबाडा.

सोलापूरचे वेगळेपण भाषांत दिसते. मराठी घरातली वेणी पद्मशाली घरांतल्या तेलुगूत ‘जड’ (अंत्य ‘अ’ उच्चारून), कन्नड घरात ‘जडे’ आणि दख्खनी बोलणाऱ्यांकडे ‘चोटी’. वेणीत फूल माळण्याची हौस मात्र शेजारपाजारच्या बहुतेक घरांत सारखीच.

जुन्या स्टुडिओतल्या कृष्णधवल छायाचित्रांचा काळ केसांवरून ठरवताना सावध राहावे लागते. कल्ले आणि झाकलेले कान दिसले तर छायाचित्र बहुधा या दशकातले असते. पण बारीक केस म्हणजे जुना काळच असे नाही. तिरुपतीला केस वाहून आलेला, वडिलांच्या मृत्यूनंतर मुंडन केलेला किंवा पोलीस भरतीत गेलेला तरुणही त्यात तसाच दिसतो.